कॅमेऱ्यातली पाठमोरी बाई

कॅमेरा घ्यायचं मी ठरवलं तेव्हा भावाने फोनवर मला वेड्यात काढलं. मोबाईलवर व्हिडिओ निघतो की, म्हणाला, वेगळा कॅमेरा कशाला हवा? मी म्हटलं, मागच्या वर्षी तू मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओत आई कुठली आणि पडदा कुठला हे मला अजून कळलेलं नाही. मला स्पष्ट हवं आहे. बोटं कशी वळतात, निऱ्या कुठून सुरू होतात, सगळं दिसलं पाहिजे. मी गणिताची बाई, आणि माझ्याशी वाद घालायची सवय त्याने लहानपणीच सोडली आहे.

तो पुण्याला असतो. मी आणि आई उज्जैनला. बाबा बँकेच्या नोकरीत बदली होऊन इथे आले, इथलेच झाले, आणि फ्रीगंजच्या पलीकडे एका कॉलनीत लहानसं घर बांधून त्यातच गेले. मी इथल्या मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि आईचं विसरणं वाढायला लागलं तेव्हा मुदतीच्या आधीच नोकरी सोडून घरी बसले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी कालपरवाच्या गोष्टी जातील, मग जुन्या, आणि शेवटी माणसं. हे शेवटचं मला काही पटलं नव्हतं. दुसऱ्या कोणाला विसरेल तर विसरो, पण आई मला विसरेल हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

कॅमेरा हवा होता तो महालक्ष्म्यांसाठी. आमच्याकडे भाद्रपदात दोघी बहिणी येतात, पितळी मुखवट्यांच्या. ते मुखवटे आईने सासरहून रेल्वेतून मांडीवर घेऊन इथवर आणले होते. त्यांना साडी कशी नेसवायची, कोणाला आधी आत घ्यायचं, कुठल्या खोलीतून कुठे न्यायचं, हे सगळं फक्त तिच्या डोक्यात. बाबा गेल्यावर कॉलनीतल्या दोघीतिघी कुजबुजल्या होत्या की आता आईने महालक्ष्म्यांना हात लावू नये. आई म्हणाली, देवीला चालतं, तुम्हांला चालत नसेल तर जेवायला येऊ नका. सगळ्या आल्या आणि पुरणपोळ्या खाऊन गेल्या.

भावाच्या मनात वेगळंच होतं. यंदा महालक्ष्म्या झाल्या की आईला पुण्याला नेऊ, म्हणाला. तिथे अशा माणसांसाठी एक चांगलं ठिकाण त्याने पाहून ठेवलं होतं, नर्स असतात, डॉक्टर असतात. तू किती दिवस एकटी करणार, म्हणाला. त्याची काळजी खरी होती, हे आता मी म्हणू शकते. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "ज्या दिवशी आई मला ओळखणार नाही, त्या दिवशी घेऊन जा. मी दार अडवून उभी राहणार नाही. पण तोपर्यंत नाव काढायचं नाही." तो ठीक आहे म्हणाला. अशी अट घालायला माझं काय जात होतं? मला खात्रीच होती.

फ्रीगंजच्या दुकानात मी दुपारी गेले, गर्दी नसते म्हणून. दुकानदार उत्साही होता. एकेक कॅमेरा काढून तो तारेने मोठ्या टीव्हीला जोडायचा आणि म्हणायचा, "मैडम, फुल एचडी है, चेहरे का एक-एक रोम दिखेगा." मला कोणाचा रोम बघायचा नव्हता. मी विचारलं, झूम खरा किती आणि फुगवून सांगितलेला किती? डिस्कवर घेणारा चांगला की कार्डवर घेणारा? हातात धरायचा पट्टा उजव्या हाताचाच का? तो थोडा वरमला, मग नीट उत्तरं द्यायला लागला. डिस्कचा मी बाद केला, दुसरा इतका पिटुकला होता की तो माझ्या हातून पडणार हे मला आधीच दिसत होतं, आणि तिसरा, कार्डवर घेणारा, हातात बरा बसला.

तो हातात घेऊन मी टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीवर एक बाई पाठमोरी उभी होती. डावा खांदा उतरलेला, अंबाडा सैल, साडीचा काठ एका बाजूने वर गेलेला. गिऱ्हाईक आलंय आणि दुकानदाराचं लक्ष नाही, असं मला वाटलं. वळून त्या बाईला, काठ नीट करा, असं सांगणार होते. मी वळले तेव्हा टीव्हीतली बाईपण वळली. मागच्या फळीवर दुसरा कॅमेरा चालू होता, आणि तार त्याची जोडलेली होती.

दुकानदार हसला, सगळ्यांचं असंच होतं म्हणाला. मला हसू आलं नाही. आपली पाठ आपण कधी बघत नाही, जगाने मात्र ती सतत बघितलेली असते, या विचाराने मला उगाच कसंतरी झालं. मी साडी नीट केली, कार्डवाला कॅमेरा बांधून घेतला आणि रिक्षा केली.

शिकण्याची कथा मात्र फजितीची. सोबतचं पुस्तक पाचसहा भाषांत होतं आणि एकाही भाषेत धड नव्हतं. मूळ घोळ एका बटणाचा. अंगठ्याशी जे बटण असतं ते दाबलं की चित्रण सुरू, परत दाबलं की थांबलं. पडद्याच्या कोपऱ्यात कॅमेरा नुसता उभा असताना हिरवी अक्षरं आणि चालू असताना लाल ठिपका. मी हिरवं म्हणजे चालू असं धरून बसले. सिग्नलला हिरवं झालं की निघायचं असतं, त्यात माझं काय चुकलं? तर मी आईला घेऊन राम घाटावर गेले, सराव करायला. संध्याकाळची शिप्रेची आरती सगळी घेतली, पाण्यातले दिवे घेतले, घंटा घेतल्या. घरी येऊन टीव्हीला जोडलं तर आरतीचा पत्ता नाही. जे जे घ्यायचं होतं ते गायब, आणि मधला सगळा कचरा हजर. पायऱ्या, माझ्या चपला, आईचे पाय, कोणाच्या तरी धोतराचा काठ, आणि वरून आमचे आवाज.

बघताना आधी मी खूप हसले, पण हळूहळू हसू ओसरलं. कॅमेरा बंद आहे असं समजून बोललेले आवाज फार निराळे असतात. फुलवाली बाई आईला विचारत होती, ये आपकी बेटी हैं? चित्रात फक्त ओली पायरी दिसत होती आणि तिच्यावर एक फूल पडलेलं होतं. मग आईचा आवाज आला, "बहुत भली हैं। हाथ पकड़ के लाती हैं।"

मी ते पुन्हा लावून ऐकलं. मग वाटलं, आईची ही जुनी तऱ्हा आहे, विचारलेल्याचं सरळ उत्तर द्यायचं नाही. आणि हिंदीचं म्हणाल तर आमच्या गावातल्या मराठी घरांत वाक्य मराठीत सुरू होतं आणि हिंदीत संपतं. भाजीवाल्याशी हिंदी, कामवालीशी हिंदी, आपसांत मराठी, आणि राग आला की पुन्हा हिंदी. मुलांनासुद्धा इथे आप म्हणतात. त्यामुळे गेले काही महिने आई माझ्याशी बरंचसं हिंदीत बोलायची, बैठिए, रहने दीजिए, तकलीफ मत कीजिए, ते माझ्या कानांना खटकलंच नव्हतं. उलट मला वाटायचं, म्हातारपणी आईला अदब सुचलीय. मी तिची थट्टा करायची आणि मराठीत उत्तर द्यायची.

हिरव्या-लालचा घोळ मिटल्यावर मी कॅमेरा उभा करायला तिपाई घेतली आणि घरातच सराव सुरू केला. कॅमेरा तिपाईवर किंवा स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवायचा, चालू करायचा आणि आपण काम करायचं. दुपारी पडदे ओढून टीव्हीवर बघायचं. पहिल्या दिवशी मी पोळ्या लाटत होते आणि आई मागे टेबलाशी मटार सोलत होती. चित्र इतकं स्वच्छ की पिठाची बोटं दिसत होती. उजेड कसा पडलाय ते मी बघत होते. मग माझी नजर आईकडे गेली.

ती मटार सोलत नव्हती. हात थांबलेले होते आणि ती माझ्या पाठीकडे बघत होती. टक लावून, मान जराशी पुढे काढून. अनोळखी कुत्रं अंगणात येऊन बसलं की माणूस त्याच्याकडे बघतो, चावेल की जाईल याचा अंदाज घेत, तशी. मी चित्रात मागे वळले, काहीतरी बोलले, आणि आईची मान झटकन खाली गेली, बोटं सोलायला लागली, चेहऱ्यावर नेहमीचं गोड हसू आलं. मी परत पोळीकडे वळले. आईची मान परत वर आली.

मी स्वतःला समजावलं की म्हातारं माणूस आहे, बघत असेल शून्यात. दुसऱ्या दिवशी कॅमेरा बैठकीत ठेवला. मी पेपर वाचत होते, पाठ आईकडे. तेच. तिसऱ्या वेळी अंगणात कपडे वाळत घालताना. तेच. माझं तोंड तिच्याकडे असलं की ती हसायची, आणि पाठ फिरली की तिचे डोळे माझ्यावर खिळायचे. ते डोळे मी जन्मात पाहिले नव्हते. साधा कॅमेरा असता तर तिथे दोन काळे ठिपके दिसले असते आणि मी सुखात राहिले असते.

मग मी मुद्दाम एकदम वळून बघायला लागले. एकदाही सापडली नाही. ती माझ्याहून चपळ होती. घरात दोघीच, दोघीही हसऱ्या, आणि दोघीही एकमेकींवर पाळत ठेवून. मला माझ्याच घरात पाठ भिंतीला लावून बसावंसं वाटायला लागलं. आईची भीती वाटते, हे वाक्य मनातल्या मनात उच्चारायलासुद्धा मला लाज वाटत होती, पण वाटत होती ती भीतीच.

त्यातच माझ्या वस्तू हरवायला लागल्या. कंगवा, पंचा, चष्म्याचं घर, शाळेतली जुनी शाल. शोधून नाकी नऊ आले. एक दिवस आईच्या कपाटात इस्त्रीचे कपडे ठेवताना खालच्या कप्प्यात भैरवगढची छापील चादर घडी घातलेली दिसली, जाड वाटली म्हणून उघडली, तर आत सगळं नीट रचून ठेवलेलं. कंगव्यातले केससुद्धा काढून साफ केलेले. मी विचारलं, आई, हे इथे कशाला ठेवलंस? ती घाबरून दोन पावलं मागे सरली. मुझे नहीं मालूम, म्हणाली. मी चादर होती तशी गुंडाळून ठेवली आणि बाजारातून दुसरा कंगवा आणला.

एकदा तर मी रिकाम्या बैठकीचं चित्र घेत होते, महालक्ष्म्या जिथे बसतात तो कोपरा उजेडात कसा दिसतो ते पाहायला. ह्या कॅमेऱ्यात एक सोय होती, माणसाचा चेहरा दिसला की तो भोवती पांढरी चौकट करतो. खोलीत कोणी नव्हतं. आई आत निजली होती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर, आतल्या दाराला लावलेल्या कापडी पडद्याजवळ, एक लहानशी पांढरी चौकट आली, हलली, गेली, परत आली. मी कॅमेरा खाली केला. पडद्याच्या फटीतून आई बघत होती. मी हाक मारली तशी फट मिटली. आत जाऊन पाहिलं तर ती डोळे मिटून अंथरुणावर पडलेली. पापण्या हलत होत्या.

भावाला यातलं काही सांगितलं नाही. काय सांगणार? आई माझ्याकडे बघते, म्हणून? तो म्हणाला असता, मुलीकडे बघणार नाही तर कोणाकडे बघणार?

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी तो आला. एकटाच, घरच्यांना सुटी नव्हती. आईने त्याला दारातच ओळखलं, आलास का, किती वाळलास, म्हणाली आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला. तो वाळलेला वगैरे नाही, चांगला सुटलाय, पण बाबांसारखा दिसायला लागलाय. मला बरं वाटलं आणि थोडा राग पण आला. मी रोज तिचं सगळं करते, माझ्या तोंडावरून हात कधी फिरला तेही आठवत नव्हतं.

आवाहनाच्या दिवशी मात्र आईने कमाल केली. सकाळपासून तिला काही सांगावं लागलं नाही. दारापासून कुंकवाची पावलं तिने काढली, उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं, मुखवटे सुपात घेतले, ते माप लवंडून आत आली. भाऊ मागे ताट वाजवत होता. मी कॅमेरा धरून पुढे, उलट्या पावलांनी. आमच्याकडे देवीला सगळं घर फिरवून दाखवायची रीत आहे. प्रत्येक खोलीच्या दारात थांबायचं आणि इथे काय आहे ते तिला सांगायचं. इथे धान्य आहे, भरलेलं ठेव. इथे पाणी आहे, इथे दिवा आहे. आई न अडखळता सांगत होती. माझ्या खोलीच्या दारात ती थांबली. मुखवटे जरा उंच धरून म्हणाली, "इथे माझी लेक राहते. तिला सुखी ठेव."

भावाचं ताट वाजायचं थांबलं. माझे डोळे इतके भरले की कॅमेऱ्याचा पडदा दिसेना. मी दाराच्या तोंडाशी उभी होते. आईने माझ्याकडे पाहिलं, अंग चोरून मला वाट करून दिली, आणि हळूच म्हणाली, "आइए, निकल जाइए।" मला वाटलं, चित्रणाची अडचण होऊ नये म्हणून म्हणते आहे.

संध्याकाळी भाऊ आपण होऊनच म्हणाला की मी ते पुण्याचं सध्या नको म्हणून कळवतो, आईला सगळं कळतंय. मी जिंकले होते. दुसऱ्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक मी गात-गात केला. तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य झाला. दोघींना निरोप द्यायच्या आधी आई त्यांच्यासमोर पाटावर बसली होती. मी तिपाईवर कॅमेरा लावून ते घेत होते, तेवढ्यात भावाने बाहेरून हाक मारली. त्याची टॅक्सी आली होती, सामान ठेवायचं होतं. मी तशीच धावत गेले. कॅमेरा मागे चालूच राहिला.

तो गेल्यानंतर दोनतीन दिवसांनी मी दुपारी माझ्या खोलीत पडदे ओढून सगळं चित्रण बघायला बसले. आई तिच्या खोलीत निजली होती. शेवटच्या तुकड्यात मी चौकटीतून निघून गेले, आणि दार लोटल्याचा आवाज आला. आई एकटी. तिने मागे वळून पाहिलं, दोनदा. मग पाट पुढे ओढला आणि मुखवट्यांच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलायला लागली. मराठीत. तिचं ते स्वच्छ, माहेरचं मराठी मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते.

"तुम्ही दोघी बहिणी. एकीला सोडून दुसरी जात नाही. माझी एकच लेक आहे. शाळेत गेली ती अजून आली नाही. किती दिवस झाले मला सांगता येत नाही. मुलाला विचारलं तर तो काळजीत पडेल, म्हणून बोलले नाही. घरात एक बाई येऊन राहिली आहे. वाईट नाही ती. केस विंचरते, गोळी देते. पण माझ्या लेकीच्या खोलीत झोपते, तिचाच कंगवा वापरते. मी लेकीच्या वस्तू उचलून ठेवल्यात, आली की लागतील. ह्या बाईला काही ठाऊक असेल, पण विचारायचा धीर होत नाही."

ती थांबली. पदराने तिने एका मुखवट्याच्या गालावरचं पुसलं.

"माझ्या लेकीला घेऊन या. ती आल्याशिवाय मी हे घर सोडायची नाही, कोणी न्यायला आलं तरी नेऊ देऊ नका. आणि ह्या बाईलाही घरी पोचवा. तिचीही आई असेल कुठेतरी. तीही दाराकडे बघत बसली असेल."

टीव्हीवर मी परत आले, चौकटीत शिरले, आई वळून गोड हसली आणि म्हणाली, "आइए, बैठिए।"

मी सगळे तुकडे पहिल्यापासून पुन्हा लावले. देवीशी मराठी. भावाशी मराठी. कुंपणावरच्या मांजरीशीसुद्धा, हट मेली, असं मराठी. माझ्याशी एकूणएक वाक्य हिंदी. घरात आलेल्या परक्या माणसाशी बोलायची भाषा. हे दुसऱ्या कुठल्या गावात घडलं असतं तर पहिल्याच दिवशी कोणाच्याही लक्षात आलं असतं. आमच्या गावात दोन्ही भाषा एकाच ताटात जेवतात, म्हणून मला कळलं नाही. मी मोठ्याने रडले.

मग मी भावाला फोन लावला. शब्द माझा होता, तो मोडून गप्प बसणं मला जमलं नसतं. त्याला म्हटलं, आई मला ओळखत नाही. तो हळूच म्हणाला की त्या दिवशी घेऊन जा, असं तू म्हणाली होतीस. मी म्हटलं, मी म्हणाले होते. आता आई काय म्हणाली ते ऐक. फोन टीव्हीजवळ धरून मी त्याला तो तुकडा ऐकवला. ती आल्याशिवाय मी हे घर सोडायची नाही, इथपर्यंत ऐकून त्याने फोन ठेवला. त्यानंतर पुण्याच्या त्या ठिकाणाचा विषय त्याने काढलेला नाही.

मी तिथेच बसून राहिले आणि एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली. आईचं म्हणणं बरोबर होतं. तिची लेक जन्मभर सकाळी शाळेत जायची आणि संध्याकाळी बेल वाजवायची. एक दिवस ती बेल वाजायची थांबली, आणि एक बाई दिवसभर घरात दिसायला लागली. आईला सांभाळायला म्हणून मी घरी बसले होते, आणि तिची मुलगी शाळेतून परत आलीच नव्हती.

आता रोज संध्याकाळी मी बाहेर जाते आणि परत येते. दर वेळी ते साधतंच असं नाही. कधी दार उघडून ती विचारते, किससे मिलना है, आणि मी माफ कीजिए म्हणून कॉलनीला अजून एक फेरी मारते. शेजारीपाजारी काय म्हणतात ते म्हणोत.

पण ती पहिली संध्याकाळ सांगते. टीव्ही बंद करून मी बैठकीत आले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. आई दाराकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. मला बघून ती अदबीने सावरून बसली आणि म्हणाली, आप अभी तक गईं नहीं? घर पर माँ राह देखती होंगी. मी त्या दिवशी पहिल्यांदा तिला हिंदीत उत्तर दिलं. म्हटलं, हाँ, देख रही हैं, जाती हूँ. ओझं उतरल्यासारखे तिचे खांदे खाली आले. मी खुंटीवरची शाळेची पर्स घेतली, चपला घातल्या आणि बाहेर पडले. फाटकाशी उभी राहिले. रस्त्यावरून स्कूटर जात होत्या. दार उघडून तिने मला परकं म्हटलं तर मी आज कुठे जाऊ, या भीतीने मी फाटक घट्ट धरलं होतं. मग मी परत फिरले आणि बेल वाजवली.

कडी काढायला तिला वेळ लागला. दार उघडून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग पर्सकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

"किती उशीर केलास गं," ती म्हणाली. "शाळा केव्हाची सुटली."

तिने माझ्या हातातून पर्स काढून घेतली, दुसरा हात माझ्या तोंडावरून फिरवला, आणि माझ्या खांद्यावरून वाकून रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं.

"एक बाई होती इथे," ती म्हणाली. "आत्ताच गेली. भली होती बिचारी. तिला जेवून जा म्हणायचं राहिलं बघ."